विश्वशांती आणि तांब्याचा बंब

आमच्या बागेत रोज सकाळी साडेसहा वाजता, जगात शांतता नांदावी म्हणून साठ-सत्तर माणसं हसतात. कुणी विनोद केलेला नसतो, कुणी घसरून पडलेलं नसतं. पुढे उभे असलेले गुरुजी हात वर करून म्हणतात, "आता लस्सी हास्य!" की सगळेजण हातात नसलेल्या पेल्यातली नसलेली लस्सी या हातातून त्या हातात ओततात, घशात रिकामी करतात आणि आभाळाकडे तोंड करून हा हा हा करतात. मग मोबाइल हास्य. मग सिंह हास्य. सिंह हास्यात जीभ बाहेर काढावी लागते. निवृत्त उपजिल्हाधिकारी जीभ बाहेर काढून उभे आहेत हे पाहिलं, की ज्यांची ज्यांची कामं एकेकाळी त्यांच्या टेबलावर अडली होती, त्यांना खरोखरीचं हसू येतं.

हे सगळं विश्वशांतीसाठी चाललंय याचा मला बरेच दिवस पत्ता नव्हता. मी आपली गुडघ्यांसाठी जात होते. आमच्या ह्यांनी एकदा माहिती काढून आणली. (ह्यांना माहिती काढायचा नाद आहे. बँकेत असताना कर्जदारांची काढत, आता जगाची काढतात.) १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी एका बागेत जेमतेम पाच माणसं गोळा करून हा हास्यक्लब सुरू केला. तेव्हा रीतसर विनोद सांगून हसायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि उरलेले चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. मग विनोद काढून टाकला आणि नुसतं हसायचं ठरलं. त्यानंतर ही चळवळ जगभर पसरली. विनोद वजा केल्याबरोबर हसू वाढलं, या घटनेकडे मराठी विनोदी लेखकांनी अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही. १९९८ साली मुंबईतच पहिला जागतिक हास्य दिन झाला, आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो, आणि हास्यातून विश्वशांती हा त्याचा जाहीर उद्देश आहे.

तर विश्वशांतीसाठी जमलेल्या या मंडळींत तीन वर्षांपूर्वी फूट पडली. कारण कोजागिरीचं मसाला दूध. दुधाच्या हिशेबात एकशेचाळीस रुपये उरले होते. ते पुढच्या वर्षी वापरायचे की माणशी परत करायचे, यावरून खजिनदार आणि स्पीकर आणणारे गृहस्थ यांचं वाजलं. गोष्ट "तुम्ही आम्हाला शिकवू नका" इथपर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी निम्मी मंडळी जांभळाच्या झाडापलीकडे जाऊन हसू लागली. आता एकाच बागेत, एकाच वेळी, तीस पावलांवर दोन हास्यक्लब आहेत. अलीकडचे हसले की पलीकडचे त्याहून मोठ्याने हसतात. नवखा माणूस थांबून बघतो. त्याला वाटतं, हे त्यांना हसताहेत आणि ते ह्यांना. त्याचं फारसं चुकत नाही.

माझी जुनी मैत्रीण पलीकडे गेली, कारण तिचा नवरा खजिनदार. मी अलीकडे राहिले, कारण आमच्याकडे ऊन येतं. हसून झालं की आम्ही दोघी जांभळाखाली, म्हणजे सरहद्दीवरच, बसतो. एकशेचाळीस रुपयांचा विषय आमच्यात कधी निघत नाही. ती त्याच पैशांतून मला अधूनमधून इडली खायला घालते असा माझा संशय आहे. पण खाताना मी चौकशी करत नाही.

हास्य आटोपल्यावर बायका भाजी घेतात आणि पुरुष कट्ट्यावर बसून जगाचं काय करायचं ते ठरवतात. निवृत्त माणसाचं आडनाव हळूहळू गळून पडतं आणि खातं तेवढं शिल्लक राहतं. म्हणून आमच्या कट्ट्यावर पाटबंधारे बसतात, एसटी बसते, एलआयसी बसतात आणि आमचे हे, म्हणजे बँक. युक्रेनचा प्रश्न मुळात पाण्याचा आहे, असं पाटबंधाऱ्यांचं मत. दोन्हीकडच्या गावांना थेट गाडी नसली की असंच होतं, असं एसटीचं. एलआयसी कुठल्याही युद्धाचं आधी वय विचारतात आणि मग मान हलवतात. आमच्या ह्यांची सगळी हयात थकीत कर्जांत गेली. त्यामुळे ह्यांचा वसुलीपेक्षा तडजोडीवर विश्वास. 'वन टाइम सेटलमेंट' हा ह्यांचा जगाला उपदेश. किती सोडता, किती देता, एकदाच बोला आणि फाइल बंद करा. ही ऑफर ह्यांनी आजवर युक्रेन, गाझा, तैवान, झालंच तर कावेरीच्या पाण्यालाही दिलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांना नकाराधिकार असतो. आमच्या कट्ट्यावर तो एकट्या एलआयसींना आहे, कारण चहाचे पैसे बहुतेक वेळा तेच देतात. त्यांनी "नाही बुवा पटत" म्हटलं, की तैवान उद्यावर जातं.

मी या बाबतीत कट्ट्यापेक्षा अनुभवी आहे, हे मात्र कुणी विचारात घेत नाही. मी टेलिफोन खात्यात होते. पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडसेट आणि हातात कॉर्ड घेऊन माझं तारुण्य गेलं. तेव्हा परगावी बोलायचं म्हणजे १८० फिरवून कॉल बुक करावा लागे. साधा कॉल कधी लागेल ते देव जाणे. अर्जंटला दुप्पट पैसे. लायटनिंगला आठपट, आणि तो बहुधा कुणी तरी गेल्याचाच असे. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून "वाढवू का?" विचारणं हे आमचं काम. बोलणं ऐकू नये अशी सरकारची अपेक्षा होती, आणि मी ऐकलं नाही असं मी सरकारला कायम सांगत आले.

माणसं दिवसदिवस वाट बघत. लाइन लागली की घरातली सगळी फोनभोवती उभी राहत. आणि मग बोलणं काय?

"हॅलो, ऐकू येतंय का?"

"येतंय. तुला येतंय का?"

"येतंय. बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. तिकडे पाऊस?"

"आहे. तिकडे?"

"आहे."

"वाढवू का?"

"नको, नको. झालं बोलून!"

पहिली दोन-चार वर्षं मला संताप यायचा. एवढा खटाटोप करून लाइन जोडून द्यायची आणि यांनी तिच्यावर पाऊस बोलायचा! नंतर नाइट ड्युटीत विचार करायला वेळ मिळे, तेव्हा हळूहळू उमगलं, की यांना काही बोलायचंच नसतं. लाइन चालू आहे ना, एवढंच बघायचं असतं. ते बघून झालं की बोलणं झालं.

पुढे ह्यांच्याच एका पुस्तकात मला याला आंतरराष्ट्रीय पाठिंबा मिळाला. १९६२ साली क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया पार हातघाईवर आले होते. एकमेकांचे निरोप पोचून उलगडेपर्यंत तासन्‌तास जात. म्हणून पुढच्या वर्षी जिनीव्हात करार करून दोघांनी हॉटलाइन टाकली. सिनेमात दाखवतात तसा तो लाल फोन मुळी नव्हताच. टेलिप्रिंटर होता. फोनवर माणूस चिडतो, आवाजावरून भलता अर्थ काढतो, म्हणून मुद्दाम लेखी. हे ज्याने सुचवलं त्याचं लग्न झालेलं असणार. तर ३० ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनहून मॉस्कोला पहिला संदेश गेला. तो काय असेल? शांततेचं आवाहन? नाही. इंग्रजी टायपिंगच्या क्लासात प्रत्येकाने बडवलेलं वाक्य होतं ते, चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो ते. टाइपरायटरची सगळी अक्षरं उमटतात का बघायला. रशियनांनी म्हणे उलट विचारलं, की यातून तुम्हाला नेमकं काय सुचवायचं आहे? त्यानंतर दर तासाला चाचणीचा संदेश जायचा. एका तासाला हे पाठवणार, पुढच्या तासाला ते. अमेरिकेकडून शेक्सपिअरचे उतारे, तिकडून चेखव्ह. वर्षानुवर्षं, रात्रंदिवस, जगाचा नाश करू शकणाऱ्या दोन सत्ता एकमेकींना असला मजकूर पाठवत होत्या. ड्युटीवरच्या ऑपरेटरांची मला फार दया येते. पण काम चोख होतं. लाइन चालू राहिली.

हे वाचल्यापासून सकाळी मोबाइलवर येणाऱ्या गुलाबाच्या फुलांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. ज्येष्ठ नागरिकांच्या 'शुभ सकाळ'ला तरुण मंडळी नाकं मुरडतात. उगवता सूर्य, वाफाळता चहा, चहावर एक सुविचार. सुविचाराचा आणि पाठवणाऱ्याच्या स्वभावाचा काडीचा संबंध नसतो. कबूल. पण ते वाचण्यासाठी नसतंच मुळी, ते लाइन टेस्टिंग आहे. आमच्या कट्ट्याच्या ग्रुपवर पाटबंधाऱ्यांचं कमळ रोज पावणेसातला येतं. एक दिवस ते नऊपर्यंत आलं नाही, तेव्हा एसटी स्वतः जाऊन त्यांची बेल वाजवून आले. डेटा पॅक संपला होता, बाकी ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कमळाबरोबर कालचं राहिलेलंही कमळ पाठवलं.

मुलगा कॅनडात असतो. रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री, व्हिडिओ कॉल. "जेवलात का?" "तिकडे बर्फ आहे का?" नात कॅमेऱ्याला नाक लावून जाते. ह्यांना या कॉलवर मुलाशी जागतिक अर्थव्यवस्थेवर बोलायचं असतं. मी टेबलाखालून पाय दाबते. कुटुंबाच्या ग्रुपवरही ह्यांनी एकदा पॅलेस्टाइनवर मोठा मजकूर टाकला होता. त्यानंतर सुनेने ग्रुप म्यूट केला. तिने म्यूट केलाय हे मला कळलंय, आणि मला कळलंय हे तिला कळलेलं नाही. एकमेकींशी आम्ही दोघी अतिशय चांगल्या वागतो.

निवृत्तीनंतर प्रवास करायचा असा आमचा जुना बेत होता. रेल्वेने २०२० साली ज्येष्ठांची भाड्यातली सवलत बंद केली. उलट २०२२ पासून एसटीने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर फुकट केलं. त्या दिवसापासून कट्ट्यावर वय कमी सांगण्याची पद्धत बंद झाली. पंचाहत्तर पूर्ण व्हायला अजून अवकाश असलेले लोक आता पंचाहत्तरीकडे डोळे लावून बसलेले असतात. पण ह्यांची इच्छा एसटीच्या पलीकडची होती. ह्यांना जिनीव्हा बघायचं होतं. माणसं स्वित्झर्लंडला बर्फ बघायला जातात. हे निघाले संयुक्त राष्ट्रांची कचेरी बघायला.

गेलो अर्थातच मराठी टूरमधून, ज्यात डोंगरावर बर्फात उभं राहून गरम खिचडी मिळते. आमच्या बसमध्ये दुसऱ्याच दिवशी पहिल्या रांगेवरून युद्ध पेटलं. एका कुटुंबाने तिथे रुमाल टाकले होते आणि दुसऱ्या कुटुंबातल्या आजोबांना मागे बसून उलटी होत होती, निदान होईल असं ते रोज जाहीर करत होते. टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतलं पोरगं. त्याने दोघांचं नीट ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, "काका, उद्यापासून सीट बदलूया." दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकून घेतलं, पुन्हा लिहून घेतलं, पुन्हा उद्या. असं करत करत त्याने बस परतीच्या विमानतळावर नेऊन सोडली. रक्तपात नाही, उलटी नाही. ह्यांना तो अजिबात पसंत नव्हता. "हा प्रश्न सोडवत नाही, नुसता पुढे ढकलतोय," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पण आपण पॅरिसला पोचलो की नाही?"

जिनीव्हात बस वीस मिनिटं थांबली. समोर ती थोरली इमारत, झेंड्यांची रांग आणि भाविकासारखे उभे राहिलेले आमचे हे. ह्यांनी मला तिथल्या तिथे इतिहास सांगितला. ही इमारत आधीच्या राष्ट्रसंघासाठी १९२९ साली बांधायला घेतली. पुरी होईपर्यंत दुसरं महायुद्ध दारात येऊन उभं राहिलं आणि ज्याच्यासाठी बांधली तो संघच बुडाला. आमच्या बसमध्ये पुनर्विकासात अडकलेल्या सोसायट्यांची बरीच माणसं होती. त्यांना यात काही नवल वाटलं नाही. दुसरी गोष्ट, एवढी वर्षं जगाच्या शांततेच्या सभा स्वतःच्या गावात भरवूनही स्वित्झर्लंड स्वतः संयुक्त राष्ट्रांचं सभासद झालं ते २००२ साली. हॉल भाड्याने द्यायचा, पण मंडळात नाव घालायचं नाही. हिशेबी लोक.

त्या इमारतीसमोरच्या चौकात एक बारा मीटर उंच लाकडी खुर्ची आहे. तिचा एक पाय मध्येच तुटलेला आहे. आमच्यातल्या एक सोलापूरच्या आजी बराच वेळ ती बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढा पैसा आहे म्हणतात या लोकांकडं, आणि एक सुतार बोलवून पाय बसवून घेता येईना?" ह्यांनी त्यांना समजावलं, की भूसुरुंगांनी माणसांचे पाय जातात, त्याची ती आठवण आहे. सुरुंगबंदीच्या करारावर सगळ्या देशांनी सह्या कराव्यात म्हणून १९९७ साली ती तिथे उभी केली. आजींनी विचारलं, "मग केल्या का सह्या?" शंभराहून जास्त देशांनी केल्या. न करणाऱ्यांत अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आणि आपण आहोत. इतर कुठल्याही बाबतीत या पाच जणांचं इतकं एकमत माझ्या ऐकिवात नाही.

आता बंबाकडे येते.

वाईला आमच्या सासऱ्यांचं घर आहे. तिथे धाकटे दीर राहतात. घराच्या वाटण्या अगदी गोडीगुलाबीने झाल्या. शेत, दागिने, देवसुद्धा. देवांच्या बाबतीत तर दोघे भाऊ एकमेकांना आग्रह करत होते. मग परसातून माळ्यावर गेलेला तांब्याचा बंब राहिला. सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेला, चांगला थोराड, खाली जाळीत गोवऱ्या आणि वरून पाणी. अंगावर चेंडू लागून आलेला एक पोचा. हे म्हणाले, मी थोरला, बंब माझा. दीर म्हणाले, रोज पाणी मी तापवलं, बंब माझा. त्या वेळी दोघांच्याही घरी गीझर लागून दहा वर्षं झाली होती. पण भाऊ बोलायचे थांबले ते थांबलेच. लग्नकार्यात समोरासमोर आले तर एकमेकांच्या डोक्यावरून कुठल्या तरी तिसऱ्याच पाहुण्याला नमस्कार करत. युक्रेनला भूभाग सोडायचा सल्ला रोज सकाळी देणाऱ्या माणसाला बारा किलो तांबं सोडवत नव्हतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं. म्हणाले, "ते वेगळं. तिथे तत्त्वाचा प्रश्न नाही."

माझी आणि जावेची लाइन मात्र चालू होती. आम्ही मंगळवार ठरवून घेतला होता, कारण मंगळवारी दुपारी भाऊजी ढोल्या गणपतीला जातात आणि वाटेत चार ठिकाणी थांबून अंधार पडता परततात. पुढे ह्यांनीच मला वाचून दाखवलं, की भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी मुख्यालयांमध्येही हॉटलाइन आहे आणि तिच्यावर दोन्हीकडचे अधिकारी दर मंगळवारी बोलतात. मी चष्मा पुसत राहिले.

मार्च २०२३ मध्ये सरकारने एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. त्या मंगळवारी जाऊ म्हणाली, "जायचं का कुठं दोघी?" जायचं तर होतं, पण घरी हिशेब न सांगता खर्च करता येतील असे पैसे दोघींकडेही नव्हते. थोडा वेळ लाइनवर कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "माळ्यावर धूळ खात पडलंय ते काढू का?" खात्यातल्या सवयीने मी एवढंच म्हटलं, "आवाज नीट येत नाहीये. तुला योग्य वाटेल ते कर."

बंब मोडीत गेला. माळ्याचा जिना उभा आहे आणि भाऊजींचे गुडघे आमच्या ह्यांच्यापेक्षा वाईट, त्यामुळे वर जाऊन बघण्याचा प्रश्न नव्हता. "ज्वारीच्या पोत्यांमागे आहे," असं ती सांगायची. पुण्यातून हे दावा सांगत होते, वाईतून भाऊजी ताबा सांगत होते, आणि आम्ही दोघी बंबातून कोल्हापूर, नरसोबाची वाडी आणि गणपतीपुळे करून आलो. घरी सांगितलं, भजनी मंडळाची सहल. एकत्र नांदताना आम्ही दोघी पिठाच्या डब्यावरूनसुद्धा भांडलेल्या आहोत. पण पुळ्याच्या खोलीत, फोन बंद करून, पाय लांब करून, दोन्ही भावांच्या घोरण्याच्या नकला करताना आम्हाला जे हसू आलं त्याला कुणी हात वर करून "आता अमुक हास्य" म्हणायची गरज पडली नाही. तिची नक्कल सरस होती. दोघे अगदी एकाच पट्टीत घोरतात. एका घरात वाढलेले, दुसरं काय होणार?

तेव्हापासून मी तह होऊ नये अशा मताची झाले. युद्धबंदी असावी, पण तह नको. कोरियाचं बघा. तिथलं युद्ध १९५३ साली थांबलं ते नुसत्या युद्धबंदीवर. शांततेचा करार आजतागायत झालेला नाही आणि तरी सत्तर वर्षं निघाली. करार झाला की मोजदाद आली. मोजदाद आली की माळा आला.

पण २०२४ च्या डिसेंबरअखेर अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर शंभराव्या वर्षी वारले आणि सगळा घोटाळा झाला. ह्यांनी पेपरात त्यांच्यावरचे सगळे लेख वाचले. १९७८ साली कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना कॅम्प डेव्हिडला नेऊन तेरा दिवस कोंडल्यासारखं ठेवलं होतं. सुरुवातीला समोरासमोर बसवलं तर दोघांचं इतकं वाजायला लागलं, की मग दोघांना वेगवेगळ्या बंगल्यांत ठेवून कार्टर स्वतःच निरोप घेऊन इकडून तिकडे चालत राहिले. (म्हणजे ऑपरेटरच.) शेवटच्या दिवशी बेगिन सामान बांधून निघायच्या बेतात होते. कार्टर तिघांचे फोटो घेऊन गेले. प्रत्येक फोटोवर बेगिन यांच्या एकेका नातवंडाचं नाव घालून सही केलेली. बेगिन एकेक नाव वाचू लागले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री कराराच्या मसुद्यांवर सह्या झाल्या.

हे वाचून हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी जुने अल्बम काढून बसले. दोघे भाऊ लहानपणी मेणवलीच्या घाटावर चड्डीत उभे आहेत, असा एक फोटो आहे. त्याच्या चार प्रती काढून आणल्या, मागे दिरांच्या चारही नातवंडांची एकेकाची नावं घातली, "अनेक आशीर्वाद, पुण्याचे आजोबा" लिहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत स्पीडपोस्ट केले. मी काय करू शकत होते? विश्वशांतीच्या आड येणारी बाई म्हणून कट्ट्यावर नाव झालं असतं.

चौथ्या दिवशी वाईहून फोन आला. मंगळवार नव्हता. ह्यांनी उचलला.

"दादा, ऐकू येतंय का?"

"येतंय. तुला?"

"येतंय. थंडी आहे का पुण्यात?"

"आहे. तिकडे?"

मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. चाळीस वर्षांची सवय. पोह्यांवर झाकण ठेवायचं विसरले, कारण घसा दाटून आला होता. आणि तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, "हे बघ, तो बंब तुझाच. मी सोडला." क्षणभर मला जग जागच्या जागी स्थिरावल्यासारखं वाटलं. पलीकडून भाऊजी म्हणाले, "छे छे, दादा! तो थोरल्याकडेच पाहिजे. येऊन घेऊन जा." मग "तुझाच", "नाही, तुझाच" असं इतका वेळ चाललं, की ट्रंक कॉल असता तर दोघांची पेन्शन गेली असती. अखेर ह्यांनी वन टाइम सेटलमेंट काढली. सहा महिने पुण्याला, सहा महिने वाईला. अक्षय्य तृतीयेला दोघांनी मिळून माळ्यावरून उतरवायचा, चिंच लावून लखलखीत घासायचा आणि त्या पाण्याने पुन्हा एकदा अंघोळ करायची. कट्ट्यावर ही बातमी सांगितली गेली तेव्हा एलआयसींनीसुद्धा नकाराधिकार वापरला नाही.

मी आणि जाऊ त्या आठवड्यात रोज बोललो.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडवतात. पाऊल ठेवलं की ठोक्यांनी कान बधिर होतात, त्यामुळे गुप्त बोलणी करायला जागा उत्तम. मोडीत आले होते त्याच्या कितीतरी पट किंमत कारागिरांनी सांगितली. जावेने निम्मे पैसे तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. मग मी अडचण सांगितली. बंब नवा पाहिजे, पण नवा दिसता कामा नये. ते म्हणाले, "बाई, जुनं नव्यासारखं करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात. हे काहीतरी वेगळंच." पण माणूस समजूतदार. धूर देऊन काळा करतो म्हणाले, तोटी जुनी बसवतो म्हणाले. मी म्हटलं, "आणि अंगावर एक पोचा पाहिजे. चेंडूचा."

"कुठल्या बाजूला मारू?"

आता आली पंचाईत. एवढी वर्षं त्या बंबाच्या पाण्याने आम्ही दोघींनी अंघोळी केल्या, पण पोचा कुठे होता ते दोघींनाही आठवेना. संध्याकाळी चहा देताना मी ह्यांना सहज विचारलं. हे लगेच म्हणाले, "तोटीच्या उजव्या अंगाला. धाकट्याने मारलेला चेंडू. मार मात्र मी खाल्ला." तिकडे जावेने भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "तोटीच्या डावीकडे. दादाने मारला होता, मार मला बसला."

दुसऱ्या दिवशी मी तांबटांना फोन करून सांगितलं, दोन्हीकडे मारा.